विचारा बाईंना : गेलेल्या माणसाबद्दल काय लिहायचं?

म्हाळाचे दिवस संपले की आमच्या टपालाचा सूर बदलतो. एरवी पोराला कुठल्या माध्यमात घालू, जाऊ बोलत नाही, गावच्या मराठी शाळेला मास्तर कधी मिळणार, असलं सगळं असतं. यंदा मात्र पाच पत्रं एकाच विषयावर आली. कुणाचे वडील गेलेत, कुणाचे आजोबा, आणि प्रत्येकाला त्यांच्याबद्दल काहीतरी लिहायचंय, बोलायचंय नाहीतर छापायचंय. बाकीच्यांनी पुढच्या अंकापर्यंत दम धरावा. नावं नकोत असं बहुतेकांनी कळवलंय, म्हणून सगळ्यांचीच गाळली. गावं तेवढी ठेवलीत, सगळी बेळगावकडची, सीमाभागातली.

निपाणीहून (सध्या पुणे)

*आमच्या वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. पौषात त्यांचं वर्षश्राद्ध आहे, त्या दिवशी स्मरणिका काढायची ठरलंय. दादांनी निपाणीजवळच्या दोन एकरांत जन्मभर तंबाखू पिकवली, हंगामात एका वखारीत मुकादमी केली. १९८१ च्या तंबाखू आंदोलनात ते रस्त्यावर बसले होते. १९८६ ला कन्नड सक्तीविरुद्धच्या आंदोलनात पकडले गेले आणि बेळगावजवळच्या हिंडलग्याच्या तुरुंगात होते. धाकटा भाऊ म्हणतो, मुखपृष्ठावर 'सीमालढ्यातील झुंजार सैनिक' असंच छापायचं. थोरला कर्नाटक सरकारच्या नोकरीत, निवृत्तीला आलेला. तो म्हणतो, तुरुंगाचा एका ओळीतसुद्धा उल्लेख नको. दोघं मला फोन करतात, एकमेकांना करत नाहीत. मजकूर मी लिहायचा आहे आणि 'अत्यंत प्रेमळ, कष्टाळू, मनमिळाऊ' याच्या पुढं माझी गाडी सरकत नाही.*

दोघं भाऊ एका माणसावरून भांडतायत आणि दोघांनाही तो अर्धाच हवाय. धाकट्याला फक्त १९८६ चे दादा पाहिजेत, थोरल्याला १९८६ वगळून उरलेले. पण तुमच्या पत्रातली मला सगळ्यात मोलाची वाटलेली गोष्ट तुम्ही एका वाक्यात उरकलीत. १९८१.

त्या वर्षी तंबाखूला धड भाव मिळावा म्हणून शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं निपाणीला पुणे-बंगळूर महामार्ग अडवला. मार्चमध्ये माणसं रस्त्यावर बसली ती एप्रिलपर्यंत उठली नाहीत. ६ एप्रिलला पोलिसांनी गोळीबार केला, शेतकरी मेले. त्या रस्त्यावर मराठी बोलणारे होते तसे कन्नड बोलणारेही होते. भाव पाडताना व्यापारी कुणाची मायबोली विचारत नव्हता. आणि पाचच वर्षांनी याच माणसानं कन्नडच्या सक्तीला विरोध करून तुरुंग पत्करला. दादांना या दोन्हींत काही विसंगत वाटलं असेल असं मला वाटत नाही. कन्नड माणसाच्या मांडीला मांडी लावून भाकरी खायची आणि सरकारनं सक्ती केली की अडून बसायचं, हे आमच्या भागातल्या त्या पिढीच्या अंगवळणी पडलं होतं. कोडं पडतं ते मुलांना.

तेव्हा लिहायला बसू नका. आधी फिरा. महामार्गावर दादांच्या शेजारी कोण बसायचं ते शोधा. त्यातला एखादा चिक्कोडी किंवा संकेश्वरकडचा कन्नड बोलणारा असेल, आज ऐंशीचा असेल, तर आधी त्याच्याकडं जा. त्याला बोलू द्या. तो कन्नडमध्ये सांगेल तर कन्नडमध्येच छापा आणि खाली मराठीत त्याचा सारांश द्या. निपाणीतल्या छापखान्यांना दोन्ही लिप्यांची सवय आहे. स्मरणिकेत चार पानं कन्नड आली म्हणून धाकटा भाऊ चिडला, तर त्याला १९८१ चं पान काढून दाखवा.

मग वखारीत जा. तंबाखू चाळायला बसणाऱ्या त्या वेळच्या बायकांपैकी कुणी असतील तर त्यांना विचारा, आमचे दादा मुकादम म्हणून कसे होते? बाप मुकादम म्हणून कसा होता हे लेकीला घरात बसून कळत नाही. हजेरी कापायचे का? सणाला उचल द्यायचे का? धुरळ्यानं शिंकून शिंकून बेजार झालेल्या बाईला जरा दारात जाऊन बसू द्यायचे का? एखादी म्हातारी म्हणेल, "तुझा बा लई खडूस हुता गे." तेही लिहून घ्या. छापायचं की नाही ते मागाहून ठरवा, पण लिहून घ्या.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. आमचे अण्णा, म्हणजे वडील, बेळगावच्या वडगावात माग चालवायचे. आधी खड्ड्यातला हातमाग, पुढं एका शेजाऱ्याच्या भागीत यंत्रमाग. घरी ते जवळजवळ मुकेच. 'वाढ' आणि 'बास' एवढ्या दोन शब्दांत त्यांचं जेवण व्हायचं. ते गेल्यावर दिवसांना भागीदार काका आले. घरचे कन्नड, आमच्याशी मोडकं मराठी बोलायचे. बसले, चहा घेतला आणि म्हणाले, "निम्म अप्पा छलो हाडतिद्रु की." तुमचा बाप छान गायचा. आम्ही बघतच राहिलो. काकांनी सांगितलं, हातमागावर असताना धोट्याच्या ठेक्यावर अण्णा तुकोबाचे अभंग म्हणायचे. धागा तुटला की तिथंच थांबायचे, गाठ मारायचे आणि पुढचा शब्द घ्यायचे. ताणा लावताना धागे मोजायचे ते 'ओंदु, यरडु, मूरु' असे, कारण काम शिकवणारा उस्ताद कन्नड होता. घरखर्च मात्र मराठीत मोजायचे. यातलं काहीही आम्हाला ठाऊक नव्हतं. आई तर म्हणाली, दुसऱ्या कुणाचं सांगतोय हा. काकांनी चाल म्हणून दाखवली तेव्हा तिला पटलं आणि ती चिडलीच : "एवढा संसार केला, मला येकदा म्हणून दावलं न्हाई!"

अण्णांवर आम्ही घरच्यांनीच लिहिलं असतं तर तो अबोल, कष्टाळू, कुटुंबवत्सल माणूस ठरला असता. माझं म्हणणं एवढंच आहे की आपला माणूस घराबाहेर बराच सांडलेला असतो, आणि आमच्या या मुलखात त्यातला निम्मा दुसऱ्या भाषेत सांडलेला असतो. तो गोळा करायला हिंडावं लागतं.

आता तुरुंगाचं. ते पान असू द्या, मुखपृष्ठ नको. मुखपृष्ठावर नाव, गाव, जन्म-मृत्यूची सालं आणि एक साधा फोटो, बास. आतल्या पानावर पदवी लावू नका, हकीकत लिहा. कुठं पकडलं, गाडीत कोण कोण होतं, आत जेवायला काय मिळायचं, घरी कळलं कधी, आईनं त्या दिवसांत शेत कसं सांभाळलं. एक काळजी घ्या. १ जून १९८६ ला हिंडलग्यात गोळीबार झाला. दादांना त्याच्या आधी पकडलं की नंतर, हे नक्की करून घ्या. माणसं चाळीस वर्षांनी सांगताना दोन दिवस एकात मिसळतात. सीमालढ्यातला १९५६ च्या जानेवारीतला गोळीबार आणि १९८६ च्या जूनमधला हेसुद्धा मिसळलेलं मी ऐकलंय. त्या आठवड्यातले बेळगावच्या मराठी दैनिकांचे अंक कुठं चाळायला मिळतात याची जुन्या वाचनालयांत चौकशी करा.

थोरल्या भावाची भीती हसण्यावारी नेऊ नका. इथं सरकारी खुर्चीवर बसून मराठी आडनाव सांभाळणं काय असतं, ते पुण्यात बसून कळायचं नाही. संपादक म्हणून एकट्या तुमचंच नाव घाला. पण त्याच्याकडून एक लेख घ्याच, आणि विषय तुम्ही द्या : मी कन्नड कसं शिकलो. कन्नड आल्याशिवाय त्याला ती नोकरी लागली नसती. सक्तीविरुद्ध तुरुंगात गेलेल्या बापानं मुलाला ती भाषा शिकू दिली, कदाचित शिकवणीची फीसुद्धा भरली. हे थोरल्याशिवाय कोण लिहिणार?

आणि ती तीन विशेषणं. निपाणीपासून लोंढ्यापर्यंत गेलेला प्रत्येक पुरुष प्रेमळ, कष्टाळू आणि मनमिळाऊ असतो. मग आमच्या भागात इतकी भाऊबंदकी करतं कोण, देव जाणे. त्यापेक्षा दादांचे हात लिहा. तंबाखूचे शेंडे खुडायचे, पिलं म्हणजे फुटवे काढायचे दिवस आले की चीक हाताला बसतो, काळा पडतो, साबणाला दाद देत नाही. दादा संध्याकाळी हात कशानं धुवायचे? मातीनं, राखेनं, लिंबाच्या सालीनं? धुतल्यावरही वास राहायचा ना? त्याच हातानं तुम्हाला घास भरवला असेल तर तो कडू लागायचा का? एवढं एक पान लिहून बघा.

शहापूरहून

*गल्लीतली मंडळी आमच्या आजोबांच्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावणार आहेत. नमुना दाखवायला आणला होता. मधे आजोबा आणि चारी बाजूंनी 'शोकाकुल' म्हणून अकरा जणांचे फोटो, त्यात दोघं तर निवडणुकीला उभे राहणारे. नको म्हटलं तर वाईट दिसेल का?*

दिसू दे. मंडळींना सांगा, फोटो एकच, आजोबांचा. ज्याला स्वतःचा हवाय त्याला म्हणावं, तुझी वेळ येईल तेव्हा तुझा एकट्याचा मोठा लावू. खाली नावाबरोबर ते काय करायचे ते एका ओळीत घाला. गल्लीतल्या नव्या भाडेकरूला कळू दे कोण गेलं ते. आणि तेराव्याला फ्लेक्स उतरवा. उन्हापावसानं चेहरा विटेपर्यंत टांगून ठेवू नका.

लोंढ्याहून

*माझे आजो रेल्वेत पॉइंट्समन होते. आधी लोंढा, मग बरीच वर्षं कॅसलरॉक. ते गेल्यावर त्यांच्या ट्रंकेत वह्यांचा गठ्ठा सापडला. मी पहिलीपासून कन्नड माध्यमात शिकलो. घरी मराठी बोलतो, पण आजोंचं अक्षर मला लागत नाही. हे पत्रसुद्धा आत्तेबहिणीकडून लिहून घेतलंय. बाबा म्हणतात, त्यात काय असणार, गाड्यांचे नंबर असतील, रद्दीत घाल. काय करू?*

गाड्यांचे नंबर असतील तर फारच उत्तम. तुम्ही त्या घाटाशेजारी वाढलात म्हणून तुम्हाला त्याचं काही वाटत नाही. कॅसलरॉकच्या खाली कुळ्यापर्यंत लोहमार्ग असा उतरतो की सदतीस फूट गेलं की एक फूट खाली. चढणीला गाडीला मागून जास्तीची इंजिनं लावून रेटावं लागतं. तिथं पॉइंट्समन म्हणजे नुसता रूळ बदलायचा दांडा ओढणारा माणूस नव्हे. भर पावसात, समोरचं दिसत नसताना, सांधा नीट बसला का हे कंदील घेऊन बघायला जाणारा माणूस. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला तोपर्यंत कॅसलरॉकच्या पलीकडं पोर्तुगिजांचं राज्य होतं. स्टेशनात कस्टमवाले बसायचे, पेट्या उघडायला लावायचे. आजो त्या वेळी नोकरीत असतील तर सरहद्द पुसली गेली तो काळ त्यांनी फलाटावर उभं राहून बघितलाय. पुढं नव्वदच्या दशकात मीटरगेज जाऊन ब्रॉडगेज आलं. एवढी वर्षं ओळखीचे झालेले सांधे एकदम परके. त्या दिवसाच्या पानावर काही आहे का बघा. नुसता गाडीचा नंबर असेल तरी चालेल.

आधी वह्या वाचवा. उन्हात घालू नका, सावलीत उघड्या करून ठेवा. कसर असेल तर मऊ ब्रशनं झाडा. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नका, चार वर्षांत ती पिवळी पडते आणि अक्षरासकट निघते. लॅमिनेशन तर मुळीच नको. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत फोनवर फोटो काढा, कोरी पानंसुद्धा, म्हणजे क्रम राहील. फोटो दोन जणांकडं ठेवा.

आता अक्षराचं. तुम्ही कन्नड माध्यमात होतात, पण सहावीपासून हिंदी असेल ना? मग देवनागरी तुम्हाला येते. अडतं ते हस्ताक्षरावर. जुनी माणसं डोक्यावरची रेघ देत नाहीत, शब्द जोडून लिहितात, आणि निम्मे शब्द तोडून टाकतात : 'ता.', 'मु. पो.', 'चि.', 'रा. रा.', 'गं. भा.' हे सगळं आत्याला विचारून एका कागदावर मांडून ठेवा. आकडे आधी वाचा. तारखा, पगार, गाडीची वेळ. आकड्यांवरून हाताचं वळण डोळ्यांत बसतं, मग अक्षरं सुटायला लागतात. शाळेत बालवर्गाला मी उलटं शिकवायची, पण ते वेगळं.

तोवर आत्याला रात्री जेवणानंतर दोन पानं मोठ्यानं वाचायला लावा आणि फोनवर ध्वनिमुद्रण करा. ती मधेच थांबून "अरे, हे तर आमच्या लग्नाचं वर्स" असं काहीतरी बोलेल. ते कापू नका. ते वहीपेक्षा सरस असतं. तुम्हाला उतरवून घ्यायचं असेल आणि देवनागरीत हात चालत नसेल, तर सरळ कन्नड अक्षरांत मराठी लिहा. यावर माझ्याकडं रागाची पत्रं येतील, येऊ देत. कर्नाटकातली कोकणी माणसं कोकणी कन्नड लिपीत लिहितात आणि ती कोकणीच राहते. आजोंचं बोलणं आधी तुमच्या हातात येऊ दे, देवनागरीत मागाहून आणता येईल.

बाबा 'त्यात काय असणार' म्हणतात, त्यांचं मनावर घेऊ नका. त्यांनी आजोंना कामावरून दमून आलेलं रोज बघितलंय. वह्या त्यांना कामाचाच भाग वाटत असणार. त्यांना वाचायला सांगू नका. तुम्ही नि आत्या वाचत बसलात की ते आपोआप येऊन चुका काढतील.

उचगावहून

*आमच्या बानं मला सातवीनंतर शाळेतून काढलं. रताळी काढायला माणूस नाही म्हणून. दोन्ही भावांना मात्र कॉलेजपर्यंत शिकवलं. पुढं माझं लग्न गावातच झालं. माझ्या लेकीला तोच बा रोज सायकलच्या दांडीवर बसवून बसथांब्यावर सोडायचा, बस येईपर्यंत उभा राहायचा, वक्तृत्व स्पर्धेला घेऊन बेळगावात जायचा. आता ती डिग्रीला आहे. आजोवर तिनं भाषण लिहिलंय, वर्षश्राद्धाला म्हणणार आहे. ऐकताना मला रडूही येतं आणि संतापही. आईनंही चार शब्द बोलावेत असा तिचा हट्ट आहे. खोटं बोलवत नाही. खरं बोलले तर भाऊ दुखावतील.*

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. बानं तुमच्या लेकीसाठी जे केलं त्यानं तुमची आठवी भरून निघत नाही. निघाली असं कुणी म्हणत असेल तर ऐकू नका. बाला माफ करा असंही मी सांगणार नाही, ते तुमचं तुम्ही बघा.

शिक्षक म्हणून एक सांगते, सबब म्हणून नव्हे. आमच्याकडं गावची मराठी शाळा सातवीपर्यंत. आठवीचं नाव काढलं की दुसरं गाव, बस, बसचे पैसे, आणि 'वयात आलेली पोर येकटी कशी जाणार' हा आजीचा प्रश्न. पोरगा असला की या सगळ्याला उत्तर निघायचं, पोरगी असली की निघायचं नाही. आणि शाळेचं पहिलं सत्र नेमकं रताळ्याच्या हंगामात. पश्चिम भागातल्या गावांत सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये माझे वर्ग निम्मे रिकामे असायचे, त्यात मुली जास्त. मी घरोघर गेलेय. बाप ओट्यावर बसून म्हणायचे, "बाई, शिकून तरी चूलच न्हाई का?" त्यांतलेच कितीतरी पुढं नातींची दप्तरं धरून थांब्यावर उभे दिसले. कुणाला शहाणपण आलं, कुणाची ऐपत वाढली, कुणाला मुलीची भीती होती ती नातीची उरली नाही. तुमच्या बाचं यातलं काय होतं हे आता विचारता येणार नाही. आई असेल तर तिला विचारा. तिच्याशी तो रात्री काहीतरी बोलला असेल.

माझा तुम्हाला उलटा प्रश्न आहे. तुमच्या लेकीला हे माहीत आहे का? आई सातवी शिकली एवढं माहीत असेल. कशी थांबली, कुणी थांबवली, हे तुम्ही तिला कधी सांगितलंय? नसेल तर वर्षश्राद्धाच्या आधी, घरात, दोघीच असताना सांगा. तिचा आजो तिच्यापासून हिरावून घ्यायला नव्हे. ती शिकली-सवरलेली आहे, दोन गोष्टी एकत्र धरू शकते. पण हे तिला भरल्या मांडवात माईकवर कळता कामा नये. तिनं मग स्वतःचं भाषण बदललं तर बदलू द्या, नाही बदललं तरी बोलू नका.

तुमच्या बोलण्याचं : दोनच मिनिटं बोला. शेतापासून सुरुवात करा, कारण तिथं तुम्ही दोघं एकत्र होतात. वरंब्याला भेग गेली की आत रताळं फुगलंय हे बा कसं ओळखायचा, कुदळ कुठून घालायचा म्हणजे रताळं कापलं जात नाही, हे तुमच्या भावांना येत असेल असं मला वाटत नाही, ते कॉलेजात होते. ते तुम्हाला शिकवलं. ते सांगा. मग असं म्हणा : "बानं मला सातवीनंतर शिकवलं नाही. माझ्या लेकीला मात्र रोज थांब्यावर सोडलं. दोन्ही मी बघितलंय." आणि खाली बसा. मधे 'पण' घालू नका, 'तरीही' घालू नका, आवाज चढवू नका. यात खोटं काही नाही. भाऊ दुखावले तर दुखावले. एखादा रात्री येऊन तुमच्याशी बोलेलही.

भाषण पाठ करू नका. कागद हातात ठेवा. रडू आलं तर लेकीच्या हातात द्या, ती वाचेल. वक्तृत्व स्पर्धेला बानंच नेलंय तिला.

खानापूरहून

*वडिलांच्या नावाची पाटी करायची आहे. जन्मतारीख कुठली घालू? शाळेच्या दाखल्यावर १ जून १९४५ आहे. आत्या म्हणते, तो शिमग्यातला, होळीच्या दुसऱ्या दिवसाचा.*

आत्याचं खरं. त्या काळी बाप पोराचा हात धरून शाळेत यायचा, मास्तर विचारायचे "कधीचा?", बाप म्हणायचा "गेल्या दुष्काळाच्या आदला". मग मास्तर पोराला उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान धरायला लावायचे आणि वहीत १ जून लिहून मोकळे व्हायचे. शाळा जूनमध्ये भरते, वय पुरं दिसतं, भानगड नाही. माझ्या नोकरीत हाती आलेल्या जुन्या रजिस्टरांत अख्खे वर्गच्या वर्ग १ जूनला जन्मलेले आहेत.

सालाचीही खात्री धरू नका, मास्तर एखादं वर्ष इकडचं तिकडं करायचे. आत्याला विचारा, गांधीजी गेले तेव्हा तो किती होता? रांगत होता, चालत होता, की शाळेत जात होता? ते १९४८ चं जानेवारी. गावात त्याच्या आगेमागे कोण जन्मलं, त्यांतल्या कुणाची तारीख लिहिलेली आहे का, तेही बघा. त्यावरून साल जुळवा. बँकेच्या आणि जमिनीच्या कागदांना दाखल्यावरचीच तारीख लावा, तिथं शहाणपण करायला जाऊ नका, नाहीतर वारसा लावताना तालुक्याला खेटे घालाल. पाटी मात्र तुमची आहे. तिच्यावर 'धुळवड' लिहा आणि जुळेल ते साल.